रक्ताचा आजार डोक्यात गाठ धरतो तेव्हा



ज्याच्या वावरात लव्हाळा आहे त्याला त्याची खोड सांगावी लागत नाही. डवऱ्याचा फेर दिला, बायांनी निंदण केले की वावर आरशासारखे स्वच्छ दिसते. पण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हिरवी टोके वर येतात, कारण वरचे पाते गेले तरी मातीतली गाठ तशीच असते. आणि धुऱ्यावर तर वखर पोचतच नाही. तिथे दडलेले तण पुढच्या पावसाला सगळे वावर पुन्हा व्यापते. आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे त्याची चाल अशीच आहे.

उदाहरणादाखल मेहकर तालुक्यातल्या डोणगावचे एक घर डोळ्यांपुढे आणा. पाच-सहा एकर वावर, खरिपात सोयाबीन-तूर, पाणी असले तर मागून हरभरा. घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला. बापाने धावपळ केली, मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू झाले, महिन्या-दीड महिन्यात रक्ताचा तपास स्वच्छ आला. सगळ्या घराने सुटकेचा श्वास टाकला. त्यात पेरणी तोंडावर आली. पुढच्या दोन तारखा चुकल्या. आणि काही महिन्यांनी मुलगा सकाळी उठला की डोके धरून बसू लागला. उलटी झाली की थोडे बरे वाटे. कोणी म्हणाले पित्त आहे, कोणी म्हणाले चष्मा लागला असेल. एक दिवस त्याचा डोळा तिरपा दिसू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "आजार डोक्यात गेला आहे."

अशा वेळी आईबापांच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. रक्त तर साफ आले होते, मग हे कुठून आले? रक्त पातळ असते, मग रक्ताच्या रोगाची गाठ कशी होते? आणि आजवर घातलेला पैसा वाया गेला काय? हे प्रश्न अगदी रास्त आहेत. त्यांची उत्तरे आधीच माहीत असतील तर कित्येक घरांवरचा प्रसंग टळू शकतो, म्हणून आज जरा विस्ताराने सांगतो.

रक्ताची रोपवाटिका

आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. मगज ही रक्ताची रोपवाटिकाच समजा. तिथे तीन प्रकारची रोपे तयार होतात. तांबड्या पेशी अंगाला प्राणवायू पुरवतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. आणि प्लेटलेट नावाचे बारीक कण जखमेतले रक्त थांबवतात.

रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींची कोवळी रोपे बिघडतात. ती वयात येत नाहीत, काम करीत नाहीत, नुसती वाढत राहतात. सारा वाफा त्यांनीच भरला की चांगल्या रोपांना जागा उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडल्या की माणूस पांढराफटक पडतो, धाप लागते. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप हटत नाही. प्लेटलेट कमी पडल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येते आणि अंगावर न मार लागता जांभळे डाग उठतात.

या रोगाचे प्रकार अनेक आहेत. झपाट्याने वाढणारे दोन मुख्य. एक लसिका पेशींचा, तो मुलांत अधिक आढळतो. दुसरा मगजातल्या दुसऱ्या कुळीच्या पेशींचा, त्याला डॉक्टर मायलॉइड म्हणतात. तो मोठ्यांत अधिक, पण मुलांतही होतो. डोक्यात शिरण्याची रीत या दोघांची वेगवेगळी आहे.

पातळ रक्ताची घट्ट गाठ

लसिका पेशींच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशी बहुधा मेंदूभोवतीच्या पातळ आवरणात आणि तिथल्या पाण्यात पसरतात. गाठ क्वचितच होते. विहिरीच्या पाण्यावर शेवाळ धरावे तसा त्यांचा थर असतो. उपचाराच्या सुरुवातीलाच असा प्रसार शंभरात थोड्याच मुलांत सापडतो, पण डोक्यापुरती वेगळी काळजी घेतली नाही तर पुढे तो पुष्कळांत होतो.

मायलॉइड प्रकारात मात्र या पेशी मगजाबाहेर एका ठिकाणी गोळा होऊन चक्क घट्ट गाठ करतात. या गाठीचे पहिले वर्णन स्कॉटलंडचे शल्यवैद्य अॅलन बर्न्स यांनी १८११ साली केले. कापल्यावर तिचा रंग हिरवट दिसतो, म्हणून १८५३ साली तिला क्लोरोमा, म्हणजे हिरवी गाठ, असे नाव पडले. हा हिरवेपणा त्या पेशींतल्या एका द्रव्याचा असतो. हवा लागली की तो हळूहळू फिका पडतो. आताचे डॉक्टर तिला मायलॉइड सार्कोमा म्हणतात.

ही गाठ कातडीखाली, हिरड्यांत, मणक्याजवळ, कवटीच्या हाडाला लागून कुठेही होऊ शकते. लहान मुलांत ती डोळ्याच्या खोबणीत होते आणि डोळा पुढे ढकलला जातो. आपल्या देशातल्या मोठ्या रुग्णालयांत अशी मुले आढळत आली आहेत. खुद्द मेंदूच्या आत अशी गाठ होणे फार विरळ आहे, पण होते.

या गाठीची एक लबाडी लक्षात ठेवा. कधी कधी ती आधी दिसते आणि रक्तातला रोग नंतर उमटतो. रक्ताचा तपास त्या वेळी अगदी चांगला असू शकतो. म्हणून गाठ काढून टाकली की काम झाले असे समजून घरी बसलो तर पुष्कळदा काही महिन्यांत रोग रक्तात दिसू लागतो. गाठ दिसली ती एका जागी, पण रोग मगजाच्या कुळीचा. म्हणून उपचारही सगळ्या अंगाचा करावा लागतो. शस्त्रक्रिया लागते ती बहुधा गाठीचा तुकडा तपासण्यापुरती, किंवा गाठ मेंदूला वा मज्जारज्जूला दाबत असेल तर तो दाब काढण्यापुरती.

इथे एक खुलासा केला पाहिजे. डोक्यातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. आपल्या भागात क्षयाची गाठ आणि पट्टकृमीच्या अंड्यांपासून होणारी गाठ कितीतरी अधिक आढळते, आणि दोन्ही औषधाने बऱ्या होतात. डोके दुखले म्हणून घाबरून जाऊ नका. पण तपास मात्र टाळू नका.

औषध जिथे पोचत नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. रक्त साफ झाले, मग डोक्यात रोग राहिला कसा?

निसर्गाने मेंदूभोवती एक कुंपण घातले आहे. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की रक्तातली पुष्कळशी विषे सहजासहजी मेंदूत उतरत नाहीत. एरवी हे कुंपण आपला जीव वाचवते. पण कर्करोगाची पुष्कळशी औषधेही विषारीच असतात. सलाईनमधून दिलेले औषध सारे अंग धुऊन काढते आणि या कुंपणाशी येऊन अडते. पलीकडे दडलेल्या पेशींना त्याची झळ लागत नाही. धुऱ्यावरच्या तणाला वखर लागत नाही, तशातली गत.

मग औषध जिथे जात नाही तिथे रोगाच्या पेशी कशा जातात? याचे एक उत्तर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दिले. मणक्याच्या आणि कवटीच्या हाडांतल्या मगजापासून मेंदूच्या आवरणापर्यंत बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या आहेत. लसिका प्रकारच्या रोगपेशी या वाहिन्यांच्या आतून न जाता बाहेरच्या अंगाला धरून सरकत जातात, असे त्यांना उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. कारल्याचा वेल तारेला धरून मांडवावर चढावा तसे. कुंपणाचे फाटक बंद असले तरी वेल तारेवरून पलीकडे जातो.

ही गोष्ट डॉक्टरांना अनुभवाने फार आधी कळली होती. १९६० च्या आसपास औषधांनी मुलांचे रक्त साफ होऊ लागले, आणि सगळ्यांना आशा वाटली. पण काही महिन्यांत निम्म्याहून अधिक मुलांत रोग डोक्यातून परत येऊ लागला. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरी १९६२ साली सेंट ज्यूड हे मुलांचे रुग्णालय सुरू झाले. तिथल्या डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी ठरवले की डोक्यात रोग दिसायची वाट पाहायचीच नाही. रक्त साफ होताच डोक्याला किरणांचा शेक आणि पाठीच्या कण्यातून औषध द्यायचे. १९६७ च्या सुमारास सुरू केलेल्या त्यांच्या उपचाराने जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी झाली. त्याआधी या रोगातून वाचलेले मूल हाताच्या बोटांवर मोजावे लागे. आज पुढारलेल्या देशांत लसिका प्रकारची शंभरातली नव्वदच्या आसपास मुले बरी होतात. डोक्याचा हा वेगळा बंदोबस्त नसता तर हे घडले नसते.

किरणांचा तोटाही पुढे लक्षात आला. लहान वयात मेंदूला शेक दिलेल्या काही मुलांची अभ्यासातली गती मंदावते, वाढीवर परिणाम होतो. म्हणून आता बहुतेक मुलांत शेक टाळून पाठीतल्या औषधावर आणि कुंपण ओलांडता येईल इतक्या मोठ्या मात्रेच्या सलाईनवर भर देतात. शेक राखून ठेवतात तो खरोखर गरज असलेल्या रुग्णासाठी.

सदाफुली आणि पालेभाजी

या औषधांची कुळकथा शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे.

तुळशीवृंदावनाजवळ, कुंपणाच्या कडेला फुलणारी सदाफुली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यातून काढलेले व्हिन्क्रिस्टिन हे औषध १९६३ पासून वापरात आले, आणि लसिका प्रकारच्या उपचारात ते आजही पहिल्या रांगेत आहे. पण म्हणून कोणी सदाफुलीची पाने वाटून रुग्णाला पाजू नयेत. हे औषध तिच्यात अत्यल्प असते, आणि तिच्यातली इतर द्रव्ये विषारी असतात. शुद्ध केलेले औषधसुद्धा इतके तेज असते की ते फक्त शिरेतून देतात, पाठीतून कधीही देत नाहीत.

दुसरे औषध पालेभाजीच्या नात्यातले. हिरव्या पाल्यात फोलिक आम्ल असते. गर्भारपणी बायांना ज्या लाल गोळ्या मिळतात त्यांत लोहाबरोबर तेच असते. नव्या पेशी तयार व्हायला ते लागते. आंध्रात जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ साली अमेरिकेत गेले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत हे आम्ल बनवण्याची रीत सापडली, आणि त्याच्यासारखेच दिसणारे पण काम अडवणारे तोतया द्रव्यही तयार झाले. रोगाच्या पेशीने खरे समजून तोतया गिळला की तिची वाढ थांबते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले आणि काही मुलांचा रोग काही काळ मागे हटल्याचे १९४८ साली जगाला सांगितले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्या तोतयाचाच भाऊ मेथोट्रेक्सेट. आज आपल्या मुलांच्या पाठीतून देतात ते औषध बहुधा हेच.

एका मृत्यूतून उभे राहिलेले रुग्णालय

हा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही. जमशेदजी टाटांच्या थोरल्या सूनबाई, सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई, यांना रक्ताचा कर्करोग झाला. घरात पैशाला तोटा नव्हता. पण त्या काळी जगात कुठेच औषध नव्हते. १९३१ साली त्या परदेशात वारल्या. दुसऱ्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला, आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. पुढे १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आले. आज विदर्भ-मराठवाड्यातला गरिबातला गरीब माणूस तिथे जाऊन उपचार घेतो.

याच संस्थेच्या परिवारात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी कर्करोगावर संशोधन केले. त्यांचे पदव्युत्तर शिक्षण पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले, आणि विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी. झाडाची पेशी अभ्यासणारी बाई पुढे माणसाच्या पेशीकडे वळली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९८३ साली टाटा रुग्णालयातच डॉ. सुरेश अडवाणी यांनी मायलॉइड प्रकारचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातले पहिले यशस्वी मगजरोपण केले. मगज दिला तिच्या भावाने. स्वतः अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे. आणि २०२३ साली मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा रुग्णालयाच्या मेहनतीतून तयार झालेल्या एका नव्या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून त्यांना रोग ओळखायला शिकवतात आणि परत अंगात सोडतात. लसिका प्रकारचा काही रुग्णांचा रोग पुन्हा उलटल्यावर तो वापरतात. १९३१ साली टाटांच्या घराला जे मिळाले नाही ते आज डोणगावच्या घराला मिळू शकते. ते वेळेवर आणि पुरते घेणे आपल्या हाती आहे.

कोणत्या खुणा ओळखाव्या

रक्तातल्या रोगाच्या खुणा: आठ-दहा दिवस न हटणारा किंवा पुन्हा पुन्हा येणारा ताप, वाढता फिकेपणा, अंगावर जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त किंवा हिरड्या सुजणे, मानेत-काखेत गाठी, पोट फुगणे, मुलाने हाडे दुखतात म्हणून चालायला नको म्हणणे. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर रक्ताचा साधा तपास आणि काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढे करून घ्या. हा तपास तालुक्याच्या गावी होतो आणि महाग नसतो.

डोक्यात रोग गेल्याच्या खुणा: सकाळी अधिक होणारी डोकेदुखी, ओकारी, एकाच्या दोन वस्तू दिसणे, डोळा तिरपा होणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, मान आखडणे, झटके, दिवसा गुंगी, स्वभाव बदलणे. डोळा पुढे येणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, पायांतली शक्ती जाणे किंवा लघवी अडणे, या गाठीच्या दाबाच्या खुणा होत. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णात, मग तो बरा झालेला का असेना, यांपैकी एकही खूण दिसली तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटके आले किंवा पाय लुळे पडले तर तासांचा हिशेब असतो.

आणखी एक कळकळीची सूचना. मुलाची हाडे दुखतात किंवा ताप हटत नाही म्हणून गावात कोणी स्टिरॉइडची सुई देऊ लागला तर आधी रक्त तपासून घ्या. त्या सुईने मुलाला चार दिवस एकदम बरे वाटते. पण रोग मरत नाही, लपतो. पुढे मोठ्या डॉक्टरांनाही तो ओळखणे जड जाते.

पाठीतल्या सुईची भीती

पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा लुळा होतो, असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. कित्येक आईबाप या एका भीतीपायी मुलाला दवाखान्यातून उठवून आणतात. म्हणून नीट समजून घ्या. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, जिथे नुसते पाणी आणि सुट्या नसा असतात. थोडे पाणी तपासणीला काढतात आणि त्याच सुईने औषध सोडतात. नंतर काही वेळ सपाट निजवतात. कोणाचे एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखते, ते थांबते. डोक्यात गाठीचा दाब असल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी डोक्याचे चित्र काढतात, मगच सुईचा विचार करतात. ही सुई नाकारणे म्हणजे धुऱ्यावरचे तण राखणे होय.

अर्ध्यावर सोडू नका

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लसिका प्रकारचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिना-दीड महिन्यात रक्त साफ होते, पण ते वखरणीनंतरचे स्वच्छ वावर आहे. खालच्या गाठी मरायला पुढची सारी वर्षे लागतात. यातली मोठी मुदत घरी राहून गोळ्या घेण्याची आणि ठरल्या तारखेला तपासणीस जाण्याची असते. त्यातच अडचण होते, कारण मूल धडधाकट दिसते, शाळेत जाते, खेळते. मग गोळ्या कशाला, असे वाटते. मायलॉइड प्रकारात मुदत लहान, काही महिन्यांची, पण उपचार कडक असतो.

पेरणी, सोंगणी, लग्नसराई, काहीही असो, तारीख चुकवू नका. पेरणी चार दिवस उशिरा झाली तर उत्पन्न कमी येईल. इथे उशीर झाला तर वावरच जाते. गावकऱ्यांनीही इथे हात द्यावा. एखाद्या घरचा बाप मुलाला घेऊन दूर गेला असेल तर त्याची दोन दिवसांची पेरणी भाऊबंदांनी, शेजाऱ्यांनी करून द्यावी. हे त्या घरासाठी मोठ्या देणगीहून अधिक मोलाचे आहे.

घरी काय सांभाळावे

उपचार चालू असताना अंगातली रोगजंतूंशी लढणारी फौज फार कमी असते. घरात तापमापी ठेवा. ताप शंभर-साडेशंभरच्या वर गेला की घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री असली तरी निघा. पाणी उकळून गार केलेले द्या. अन्न ताजे आणि शिजवलेले असावे. सोयाबीनचे कुटार, बुरशी आलेला कडबा, उकिरडा आणि शेणखत यांची धूळ रुग्णाच्या नाकात जाऊ देऊ नका. त्यातली बुरशी फुप्फुसात शिरते. मळणीच्या दिवशी मुलाला खळ्यावर नेऊ नका. लस द्यायची झाली तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

रुग्णाला रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात. गावातल्या तरुणांनी पाळी लावून रक्त द्यावे. पण मगजरोपण होण्याचा संभव असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि आईबापांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या रुग्णाला रक्त देऊ नये.

हा रोग शिवण्याने, एका ताटात जेवण्याने होत नाही. तो कोणाच्या नजरेने किंवा करणीनेही होत नाही. आईच्या दुधात किंवा पायगुणात दोष काढू नका. बहुतेकांत नेमके कारण सापडत नाही. मोठ्या मात्रेचे किरण, बेंझिन नावाचे रसायन आणि मोठ्यांत तंबाखूचा धूर यांनी धोका वाढतो हे ठरलेले आहे. फवारणीच्या औषधांशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण एका घरच्या एका रोग्याबाबत बोट ठेवून सांगता येत नाही. तरी औषध कालवताना पोरांना जवळ येऊ देऊ नये आणि गर्भारणीने फवारणीच्या वावरात जाऊ नये, हे सर्वच दृष्टींनी बरे.

कुठे जावे आणि पैशांचे काय

डोणगावकरांनी पहिला तपास मेहकरला करावा. पुढच्या तपासण्यांसाठी मालेगाव-पातूरमार्गे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, किंवा नागपूरची राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था. गुंतागुंतीचा आजार असेल तर मुंबईचे टाटा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मिळतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्या आणि रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रेल्वे आणि एस.टी.त कर्करुग्णाला सवलत आहे, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला घ्या. मुंबईत राहण्याचा प्रश्न असेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्याच वऱ्हाडच्या बाबांच्या नावाने तिथे कर्करुग्णांची सोय होते. सगळे कागद एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. एक कागद हरवला की एक तपासणी पुन्हा करावी लागते.

वावर विकण्याआधी

पैसा वाया गेला काय, हा तिसरा प्रश्न राहिला. त्याचे उत्तर सरसकट देता येत नाही. उपचारानंतर रोग डोक्यातून उलटला तर काम अवघड होते हे खरे. पण सगळे संपले असेही नाही. पाठीतली औषधे, मोठ्या मात्रेची सलाईन, शेक आणि शक्य असेल तर मगजरोपण, या वाटेने काही रुग्ण पुन्हा बरे होतात. पहिल्या उपचारानंतर रोग किती काळाने परतला, वय काय, प्रकार कोणता, यावर पुष्कळ अवलंबून असते.

म्हणून वावराचा सौदा करण्यापूर्वी डॉक्टरांसमोर बसून तीन प्रश्न विचारा. रोग पूर्ण बरा होण्याची आशा किती? त्यासाठी काय काय करावे लागेल आणि किती दिवस? योजनेतून किती मिळेल आणि घरून किती लागेल? घरातल्या कर्त्या बाईलाही त्या वेळी सोबत बसवा. निर्णय एकट्या बापाच्या माथी मारू नका.

आणि बरे होण्याची आशा उरली नाही असे अनुभवी डॉक्टरांनी सांगितले तर रुग्णाला गावोगावच्या जडीबुटीवाल्यांकडे फिरवून त्याचे हाल करू नका. त्याच्या वेदना, उलट्या, झटके कमी करणारी औषधे आहेत. ती मोठ्या कर्करोग रुग्णालयात मिळतात, मागून घ्या. दुखणे शांत असलेले मूल आईच्या कुशीत, आपल्या घरच्या माणसांत असणे, हाही उपचारच आहे. त्यात कोणी हरले असे होत नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आज उपचार घेत आहे त्यांनी एवढेच करावे. दवाखान्याचा कागद काढा, पुढची तारीख पाहा आणि ती कॅलेंडरवर लाल खुणेने मांडा. नक्षत्राची तारीख एक वेळ पुढे-मागे होईल, ही होऊ देऊ नका.